वाचकांचे प्रश्न : ‘रिंगा रिंगा रोझेस’मध्ये प्लेग आहे का?

इंग्रजी बडबडगीतांमागे दडलेल्या ‘भीषण सत्या’विषयी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे अधूनमधून येत असतात. या खेपेस ती एवढी साचली की संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलचक प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : माझी चार वर्षांची नात ‘रिंगा रिंगा रोझेस’ म्हणत गोल फिरते आणि ‘हुशा बुशा’ आले की धपकन बसकण मारते. हे गाणे लंडनच्या प्लेगमध्ये पटापट मेलेल्या माणसांवर रचलेले आहे, असे माझ्या वाचनात आले. तेव्हापासून तिचा हात धरून फिरताना अंगावर काटा येतो. यात तथ्य किती?

उत्तर : आपण नातीचा हात खुशाल धरावा. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगची भयंकर साथ आली होती आणि नुसत्या सरकारी नोंदींत सापडणारे प्लेगचे बळीच ६८,००० च्या वर आहेत, एवढा भाग खरा आहे. पुढचा अर्थ मात्र नंतर चिकटवलेला आहे. ‘रोझेस’ म्हणजे अंगावर उठणारे गुलाबी चट्टे, ‘पोझीज’ म्हणजे दूषित हवेपासून बचाव व्हावा म्हणून जवळ बाळगलेले सुगंधी फुलांचे झुबके, इंग्लंडमधली मुले ‘हुशा बुशा’च्या जागी म्हणतात ते ‘अटिशू’ म्हणजे शिंक आणि शेवटी सगळ्यांचे खाली पडणे म्हणजे मरण, असा तो अर्थ लावतात. चारही गोष्टी इतक्या बिनबोभाट जुळतात की ऐकणाऱ्याला पुरावा मागण्याचे भानच राहत नाही.

पुरावा मागितला की पहिली अडचण येते ती काळाची. इंग्लंडमध्ये हे गाणे प्रथम छापले गेले ते १८८१ साली, चित्रकर्ती केट ग्रीनअवे हिच्या बडबडगीतांच्या सचित्र पुस्तकात, म्हणजे साथीनंतर तब्बल २१६ वर्षांनी. तोंडी चालणारी गाणी छापण्याच्या कितीतरी आधीपासून म्हटली जात असतात हे मान्य. या गाण्याच्या जातीचे एक जर्मन फेरगाणेही १७९६ मधील एका कादंबरीत सापडते. तरीही मधली शंभराहून अधिक वर्षे कोरडीच राहतात. साथीच्या काळात सॅम्युअल पीप्स लंडनमध्ये बारीकसारीक तपशिलांनी भरलेली रोजनिशी लिहीत होता, तर डॅनिएल डिफो याने १७२२ साली त्या साथीवर आख्खे पुस्तक लिहिले. रस्त्यातली पोरे मरणाचे गाणे म्हणत नाचत असती, तर या दोघांच्या नजरेतून ते सुटले असते असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण वैद्यकीय आहे. जांघेत आणि काखेत उठणाऱ्या गाठी, ताप आणि कातडीवर पडणारे काळपट डाग ही त्या रोगाची लक्षणे. गुलाबी गोल चट्टा हे त्याचे लक्षण नव्हे आणि शिंक हे तर नव्हेच.

तिसरी गोष्ट आपल्या नातीच्या तोंडी आहे, आणि मला स्वतःला तीच सर्वांत मोलाची वाटते. ग्रीनअवेच्या १८८१ च्या पाठात शिंक मुळी नाहीच. तिथे तिसऱ्या ओळीत ‘हश! हश! हश! हश!’ असे चार वेळा म्हटले आहे. अमेरिकेतली मुले त्याच जागी ‘ॲशेस, ॲशेस’ म्हणतात. म्हणजे ज्या शिंकेच्या खांद्यावर प्लेगची सारी कथा उभी आहे, ती या गाण्यात कधी असते, कधी नसते. आणि ‘हुशा बुशा’ म्हणणारी आपली नात शिंकणाऱ्या इंग्रज मुलांपेक्षा जुन्या छापील पाठाच्या अधिक जवळ आहे.

मग शेवटी खाली का बसायचे? अमेरिकन संग्राहक विल्यम वेल्स न्यूवेल याने १८८३ साली या खेळाची जी रीत नोंदवली आहे, ती वाचली की उलगडा होतो. शब्द संपताच सगळ्यांनी झटकन खाली वाकायचे आणि जो मागे राहील त्याला शिक्षा, किंवा मधल्या भिडूची जागा. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याच्यावर राज्य. न्यूवेलच्या लेखनात प्लेगचे नाव नाही, ग्रीनअवेच्या पुस्तकात नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले मुलांचे खेळ जमवणाऱ्या ॲलिस गोम हिच्या ग्रंथातही नाही. प्लेगची कथा सर्वतोमुखी झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. गाणे म्हातारे आणि त्याचा अर्थ मात्र कालपरवाचा, असा हा प्रकार आहे. असल्या कोणत्याही अर्थाकडे पाहताना गाणे किती जुने याबरोबरच हा अर्थ प्रथम कोणी आणि केव्हा सांगितला, हेही विचारावे. बहुतेक दंतकथा या दुसऱ्या प्रश्नापाशीच अडखळतात.

प्रश्न : ही गाणी मुळात कोणी लिहिली? त्यांचे सर्वांत जुने पुस्तक कोणते?

उत्तर : इंग्रजी बडबडगीतांचे आज हाती असलेले सर्वांत जुने पुस्तक म्हणजे सुमारे १७४४ साली लंडनमध्ये मेरी कूपर हिने प्रकाशित केलेले ‘टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक’. त्याचा पहिला भाग काळाच्या उदरात गेला आणि दुसरा तेवढा उरला. पुस्तक तळहातावर मावेल एवढे, छपाई लाल आणि काळ्या शाईची. ‘बा बा ब्लॅक शीप’, ‘हिकरी डिकरी डॉक’, ‘लंडन ब्रिज’ ही मंडळी त्यात आधीच हजर आहेत.

याच पुस्तकातले ‘साँग ऑफ सिक्सपेन्स’ पाहावे. आज मुले म्हणतात की चोवीस काळे पक्षी ‘पाय’मध्ये (कणकेच्या पारीत सारण भरून भाजतात त्या इंग्रजी पदार्थात) घालून भाजले. १७४४ च्या पाठात मात्र पायमध्ये भाजलेली आहेत चोवीस खोडकर पोरे! पक्षी नंतर आले. या पक्ष्यांवरूनही पुष्कळ तर्क लढवले गेले असून त्यात आठवा हेन्री आणि त्याच्या राण्या आहेत, तसेच दिवसाचे चोवीस तासही आहेत. पण १५९८ साली इंग्रजीत भाषांतरित झालेल्या एका इटालियन पाकपुस्तकात जिवंत पक्षी आत ठेवून पाय कसा करावा याची कृती चक्क दिलेली आहे. पाय कापताच पक्षी फडफडत बाहेर पडत आणि मेजवानीला आलेले पाहुणे चकित होत. ‘पाय कापला आणि पक्षी गाऊ लागले’ या ओळीला याहून निराळ्या किल्लीची गरज आहे, असे दिसत नाही.

कर्त्यांबद्दल सांगायचे तर बहुतेक गाणी बेवारस आहेत. ‘ट्विंकल ट्विंकल’ जेन टेलरची, १८०६ सालची. ‘मेरी हॅड अ लिटल लँब’ हे तर इंग्लंडचे नव्हेच, ते सारा जोसेफा हेल या अमेरिकन लेखिकेने १८३० साली प्रसिद्ध केले. असे आणखी काही अपवाद सोडले, तर बाकीची गाणी दारूच्या गुत्त्यांतून, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्यांतून, नाटकांतून आणि पोवाड्यांसारख्या कथागीतांतून गळत गळत पाळणाघरात आली आहेत. १९५१ साली ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ नर्सरी ऱ्हाइम्स’ सिद्ध करणाऱ्या आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याचा निष्कर्ष असा होता की अंगाई, मोजणीची गाणी आणि तत्सम काही प्रकार वगळता यातले बरेचसे साहित्य मुळात मुलांसाठी रचलेलेच नव्हते. (शेतातून चालताना बोटावर बसलेल्या लाल ठिपकेदार किड्याला उद्देशून ‘लेडीबर्ड, लेडीबर्ड, घरी उडून जा’ हे गाणे त्यांना सहज आठवले आणि ते आले कुठून या कुतूहलातून या दोघांचे आयुष्यभराचे काम सुरू झाले.)

‘थ्री ब्लाइंड माइस’ हे याचे चांगले उदाहरण आहे. हे गाणे १६०९ साली थॉमस रेव्हन्सक्रॉफ्टच्या संग्रहात छापले गेले ते प्रौढांनी आळीपाळीने एकामागून एक उचलायचे समूहगीत म्हणून. मेरी राणीने ज्यांना मृत्युदंड दिला ते ऑक्सफर्डचे तीन धर्मगुरू म्हणजेच हे तीन आंधळे उंदीर, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. त्या तिघांना १५५५ आणि १५५६ मध्ये जिवंत जाळले, डोळे काढले नव्हते. त्याहून गमतीची गोष्ट अशी की जिला मेरी राणी ठरवतात ती सुरी घेऊन शेपट्या कापणारी शेतकऱ्याची बायको १६०९ च्या पाठात नाहीच. तिथे एक पिठाची चक्की चालवणारा आणि त्याची आनंदी म्हातारी आहे.

प्रश्न : हम्प्टी डम्प्टी हे अंडे आहे, असे गाण्यात कुठेही म्हटलेले नाही. ती खरे तर एक तोफ होती, असे वाचले. बरोबर आहे का?

उत्तर : निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष नाही. गाण्यात अंड्याचे नाव नाही, कारण गाणे हे कोडे आहे आणि कोड्याचे उत्तर कोड्यात सांगत नसतात. ‘भिंतीवर बसला, खाली पडला, माणसांच्या फौजेलाही पुन्हा जोडता आला नाही, ओळखा कोण?’ असा तो सवाल आहे. जर्मनी, स्वीडन आणि फ्रान्समध्येही याच धर्तीची कोडी असून त्यांतल्या नायकांची नावेही अशीच गोलमटोल, लडखडती आहेत, आणि उत्तर सगळीकडे अंडेच आहे. १८७१ मध्ये लुईस कॅरलच्या दुसऱ्या ॲलिस-पुस्तकात जॉन टेनियलने भिंतीवर बसलेले, टाय बांधलेले अंडे काढले, ते जगभर पोहोचले आणि उत्तर आधी, प्रश्न मागाहून अशी या बिचाऱ्या कोड्याची गत झाली. कोडे आहे हेच लोक विसरले म्हणून तर त्याला अर्थ शोधावा लागला.

तोफेची कथा इंग्लंडच्या यादवी युद्धातली आहे. १६४८ च्या वेढ्यात कोलचेस्टर शहर राजाच्या पक्षाकडे होते, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाची तोफ चढवलेली होती, शत्रूने मनोरा उडवला, तोफ खाली आदळली आणि राजाच्या घोडेस्वारांना व शिपायांना ती पुन्हा वर चढवता आली नाही. वेढा खरा आहे. मात्र गाण्याचा १७९७ सालचा सर्वांत जुना छापील पाठ काढून पाहिला, तर त्यात राजाचे घोडेही नाहीत आणि राजाची माणसेही नाहीत! तिथे आहेत ‘ऐंशी माणसे आणि आणखी ऐंशी’. हॅलिवेल नावाच्या संग्राहकाने १८४२ मध्ये एक निराळा पाठ दिला आहे, त्यात ओढ्यात पडलेल्या हम्प्टीपुढे चाळीस वैद्य आणि चाळीस कारागीर हात टेकतात. तेव्हा राजाच्या सैन्यावर उभारलेला अर्थ राजाविनाच्या पाठाला लागू कसा पडावा?

या कथेची वंशावळही मनोरंजक आहे. हम्प्टीला युद्धसामग्री बनवण्याचा मान डेव्हिड डॉब या ऑक्सफर्डच्या कायद्याच्या प्राध्यापकांकडे जातो. त्यांनी १९५६ साली ‘ऑक्सफर्ड मॅगझिन’मध्ये असे मांडले की हम्प्टी म्हणजे १६४३ च्या ग्लॉस्टरच्या वेढ्यात तटापर्यंत ढकलत न्यायचे कासवासारखे यंत्र. बडबडगीतांवरची त्यांची ही लेखमाला थट्टेची होती. थट्टा विरली आणि यंत्र तेवढे उरले. कोलचेस्टरच्या तोफेचा बोलबाला तर १९९० च्या दशकात शहराच्या पर्यटन मंडळाने ती कथा उचलून धरल्यापासूनचा आहे. पर्यटकांना अंडे दाखवण्यापेक्षा मनोरा दाखवणे केव्हाही सोयीचे!

प्रश्न : ‘बा बा ब्लॅक शीप’ हा लोकरीवरच्या कराचा निषेध आणि ‘जॅक अँड जिल’ म्हणजे फ्रान्सचे राजाराणी, हे कितपत खरे?

उत्तर : मेंढीबद्दल सांगतात की १२७५ साली पहिल्या एडवर्डने लोकरीवर कर बसवला, तिसरा हिस्सा राजाला, तिसरा चर्चला गेला आणि गल्लीतल्या पोराच्या वाट्याला काही उरले नाही. कर खरा, पण तो निर्यात होणाऱ्या लोकरीच्या प्रत्येक पोत्यामागे ६ शिलिंग ८ पेन्स असा ठरावीक रकमेचा होता. तीन पोत्यांची वाटणी त्यात कुठेच बसत नाही. शिवाय १७४४ च्या पाठात पोराला त्याचे पोते व्यवस्थित मिळते. निषेधासाठी पोराची उपासमार आवश्यक होती, म्हणून ‘मूळ’ पाठात त्याला काहीच मिळत नव्हते अशी पुस्ती नंतर जोडली गेली.

जॅक आणि जिलचे उत्तर एका वाक्याचे आहे : सोळाव्या लुईचा शिरच्छेद १७९३ मध्ये झाला आणि गाणे त्याआधीच छापलेले होते. त्यातही ‘मदर गूजेस मेलडी’ या त्या जुन्या पुस्तकातल्या चित्रात जॅकबरोबर टेकडीवर आहे तो दुसरा मुलगा, मुलगी नव्हे. राजाराणीची जोडी तिथेच फुटते.

‘मेरी मेरी क्वाइट कॉन्ट्ररी’बद्दलही दोन वाचकांनी विचारले आहे. तिची बाग म्हणजे दफनभूमी आणि चांदीच्या घंटा म्हणजे छळाची हत्यारे असे सांगितले जाते. ही मेरी कोणी ट्यूडर घराण्यातली मानतात, कोणी स्कॉटलंडची. ज्या कुलपाला कोणतीही किल्ली लागते, ते कुलूप नसण्याचीच शक्यता अधिक.

हा छंद नवा नाही, हेही सांगायला हवे. १८३४ मध्ये जॉन बेलेंडेन केर या गृहस्थांनी असा ग्रंथ लिहिला की इंग्रजी बडबडगीते ही मुळात डच-सदृश जुन्या भाषेतली पाद्र्यांविरुद्धची टीका असून नुसत्या उच्चारसाम्याने ती इंग्रजी भासतात. त्यासाठी लागणारी भाषा बहुतांशी त्यांनी स्वतःच घडवली होती. बादरायण संबंध याहून दूरचा सापडणे कठीण. १९३० मध्ये कॅथरिन एल्वेस थॉमस हिने जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे एकेक राजघराण्यातली व्यक्ती उभी केली, आणि आज फिरणाऱ्या कित्येक ‘गुपितां’चा माग काढला तर तो तिच्या पुस्तकापाशी पोहोचतो. राजाची निंदा उघड करता येत नव्हती म्हणून ती बालगीतात दडवली, असे यावर समर्थन केले जाते. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रजांनी राजांवर आणि मंत्र्यांवर लिहिलेली झोंबणारी गाणी ढिगांनी उपलब्ध आहेत आणि त्यांत कोणाला झोडपले आहे, हे समजायला तीनशे वर्षे थांबावे लागत नाही.

प्रश्न : मग एकाही गाण्यात खरा इतिहास नाही का?

उत्तर : आहे, पण तो बहुधा नावात असतो, गाण्याच्या सांगाड्यात नसतो. दहा हजार माणसे टेकडीवर चढवून खाली उतरवणाऱ्या ‘ड्यूक ऑफ यॉर्क’चे पाहा. हा ड्यूक सामान्यतः तिसऱ्या जॉर्जचा सेनापती मुलगा फ्रेडरिक समजला जातो. परंतु १६४२ सालच्या एका जुन्या पाठात टेकडी चढून उतरतो तो चाळीस हजार माणसांसह फ्रान्सचा राजा. टेकडी तीच, चढणे-उतरणे तेच; ज्या काळी ज्याची टर उडवायची त्याचे नाव बसवले की गाणे ताजे होई. अशा वेळी फ्रेडरिकची कोणती लढाई अभिप्रेत आहे हे शोधत बसण्यात हशील नाही.

‘लिटल जॅक हॉर्नर’च्या बाबतीत खऱ्याखोट्याची वीण अधिक घट्ट आहे. ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीने आठव्या हेन्रीला खूश करण्यासाठी जमिनींचे दस्तऐवज पायमध्ये दडवून पाठवले आणि नेणाऱ्या हॉर्नर नावाच्या कारभाऱ्याने वाटेत मेल्स गावच्या जमिनीचा दस्त ‘मनुका’ म्हणून काढून घेतला, अशी कथा आहे. मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग याला १५३९ मध्ये फाशी दिले हे खरे, आणि हॉर्नर घराण्याकडे मेल्स आले हेही खरे. मात्र ते १५४३ मध्ये रीतसर विकत घेऊन. त्या हॉर्नरचे नावही जॅक नव्हते, थॉमस होते. जॅक हॉर्नरचा उल्लेख हेन्री केरीच्या १७२५ च्या एका विडंबनात येतो, तर पायमधल्या दस्तऐवजांची गोष्ट गाण्याशी जोडली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात. शेजारच्या श्रीमंताविषयीची कुजबुज आणि आयते गाणे यांची गाठ कोणीतरी मारून दिली असावी.

‘लंडन ब्रिज’ तर दंतकथांचे माहेरघर आहे. १०१४ च्या सुमारास नॉर्वेच्या ओलाफने पूल पाडला त्याची ही आठवण, असे सांगताना जी ‘प्राचीन’ कविता पुढे करतात, तिच्या १८४४ च्या इंग्रजी भाषांतरात भाषांतरकार सॅम्युअल लेंग यांनी स्वतःच गाण्याचे शब्द वापरले आहेत. पुलाच्या पायात मुले पुरली होती, ही ॲलिस गोमची कल्पना. पण पुलाच्या अवशेषांत तसले काही सापडलेले नाही. दगडी पूल १२०९ मध्ये पुरा झाला आणि १२८१-८२ च्या हिवाळ्यात बर्फाच्या माऱ्याने त्याच्या पाच कमानी ढासळल्या. लंडनकरांना पुलाच्या दुरुस्तीची चिंता सहाशे वर्षे पुरली, तेव्हा गाण्यातल्या ‘लाकडामातीने बांधा, विटांनी बांधा, लोखंडाने बांधा’ या काळजीसाठी विशिष्ट प्रसंग शोधायची गरज नाही. दोघांनी हातांची कमान करायची, बाकीच्यांनी खालून जायचे आणि कमान पडली की सापडलेला भिडू बाद, हा पुलाचा खेळ युरोपात इतरत्रही खेळला जातो. खुद्द दगडी पूल शेवटपर्यंत पुरता कोसळला नाही. १८३१ मध्ये नवा पूल झाल्यावर तो पाडला गेला, आणि तो नवा पूल १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात विकला गेला.

प्रश्न : ‘हिकरी डिकरी डॉक’ या शब्दांना काही अर्थ आहे का?

उत्तर : असलाच तर तो इतर सगळ्या गाण्यांपेक्षा साधा आहे. उत्तर इंग्लंडमधल्या मेंढपाळांची मेंढ्या मोजण्याची स्वतंत्र अंकमाला होती. ‘यान, टान, टेथेरा’ अशी ती सुरू होई. वेस्टमोरलंड भागातल्या मालिकेत आठ, नऊ, दहा यांना ‘हेवेरा, डेवेरा, डिक’ म्हणत. ओपी दांपत्याने ‘हिकरी डिकरी डॉक’शी या शब्दांचे साम्य दाखवले आहे, आणि हे गाणे खेळात राज्य कोणावर हे ठरवताना म्हटले जात असे, तेव्हा त्यात मोजणीचे शब्द असणे स्वाभाविक आहे. आपले ‘अडगुलं मडगुलं’ ऐकून कानाला जसे वाटते तसेच हेही निव्वळ नादासाठी असू शकते. पण दोन्हींपैकी निवडायचे झाले तर मी मेंढपाळाच्या बाजूने आहे. घड्याळावर चढणारा उंदीर बहुधा ‘डॉक’ला ‘क्लॉक’चे यमक हवे म्हणून आला असावा.